आतोबांचं कोपर

जगात जेवढं म्हणून बिघडलेलं आहे, ते माणसांची कोपरं खाली पडल्यामुळे बिघडलेलं आहे, असं माझ्या आतोबांचं ठाम मत होतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. महाडच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि घर आमच्या घराला लागूनच, मध्ये फक्त एक दगडी गडगा. धंदा कापडाचा, पण जीव सगळा फेकण्यात. कुणीही काहीही फेकताना दिसलं, चेंडू असो, दगड असो की परसात टाकलेली उष्टी पत्रावळ असो, आतोबांचं हातातलं काम थांबायचं, मान जराशी तिरकी व्हायची आणि तोंडातून शब्द निघायचे, "कोपर वर!" समोर एखादी बाई लुगड्याची घडी उलगडून काठ बघत बसलेली असली तरी तिच्या डोक्यावरून हे शब्द रस्त्यात जाऊन पडायचे. शाळा सुटायच्या वेळेला दुकानात जाऊ नका, असं माझी आत्याच गिऱ्हाइकांना सांगायची, कारण त्या वेळी समोरच्या मोकळ्या जागेत पोरं लगोरी खेळत आणि आतोबा कापड मोजायचा गज हातात घेऊन सरळ त्यांच्या डावात शिरत. गजाच्या टोकाने एकेकाचं कोपर उचलून दाखवत. गिऱ्हाईक बिचारं दुकानाच्या पायरीवर पाय हलवत बसायचं.

हे वेड त्यांना मुंबईत लागलं. तरुणपणी ते तिथल्या कापडबाजारात नोकरीला होते आणि सुटीच्या दिवशी मैदानावर क्रिकेट बघायला जात. बाकीचं जग फलंदाजाकडे बघे. आतोबा सीमेवर उभ्या असलेल्या खेळाडूकडे बघत, जो चेंडू उचलून परत फेकतो त्याच्याकडे. सामना कोणी जिंकला हे त्यांना कधीच सांगता आलं नाही, पण कोणाचं मनगट कसं वळलं हे ते म्हातारपणीसुद्धा डोळे मिटून सांगत. त्यांचं शास्त्र तसं साधं होतं. निशाणाकडे छाती करून उभं राहायचं नाही, आडवं राहायचं. पुढचा पाय निशाणाकडे टाकायचा. कोपर खांद्याच्या वर. आणि चेंडू सुटला तरी हात मध्येच थांबवायचा नाही, पलीकडच्या गुडघ्यापर्यंत जाऊ द्यायचा. "चेंडू गेला म्हणजे आपलं काम संपलं असं नव्हे," ते म्हणत. "पाहुणा निघाला तरी आपण दारापर्यंत जातो ना?"

या शास्त्रापुढे त्यांना आपपरभाव नव्हता. त्यांच्या परसात एक रायवळ आंबा होता. एकदा भर दुपारी आळीतली पोरं गडग्यावर चढून त्यावर दगड मारत होती. आतोबा मागच्या दाराने बाहेर आले तशी पोरांची पाचावर धारण बसली. आतोबा म्हणाले, "पळता कुठे? इकडे या. असे दगड मारलेत तर जन्मात आंबा पडायचा नाही." मग त्यांनी सगळ्यांना ओळीत आडवं उभं केलं, पाय टाकायला शिकवलं, आणि तासाभरात आपलंच झाड रिकामं करून घेतलं. आत्या स्वयंपाकघरातून आली तेव्हा आतोबा मोठ्या अभिमानाने तिला म्हणाले, "बघितलंस? एकही दगड वाया गेला नाही." त्या वर्षी आमच्याकडून लोणच्याला कैऱ्या गेल्या. यष्टीच्या थांब्यावरही तेच. तुडीलचा एक कुणबी म्हातारा बाजार करून आपलं गाठोडं गाडीच्या टपावर टाकायला बघत होता आणि ते पुन्हा पुन्हा खाली येत होतं. आतोबांनी जाऊन त्याचं कोपर धरलं. म्हातारा वैतागून म्हणाला, "शेट, गाठोडं हाय ह्ये, भाला नाय! सोडा माजा हात, गाडी जाईल." गाडी गेली नाही. कंडक्टरसुद्धा टपावरून वाकून ऐकत होता. गाठोडं मात्र नंतर एका फेकीत वर गेलं, आणि तो म्हातारा पुढे दर खेपेला धोतरजोडी आतोबांच्याच दुकानातून नेत असे.

नारळीपौर्णिमेला तर घाटावर त्यांची गाठ पडू नये म्हणून मोठमोठी माणसं आडून आडून येत. सावित्री नदीला नारळ अर्पण करायला सगळं गाव लोटलेलं असायचं. भटजी मंत्र म्हणत असायचे आणि त्या मंत्रांच्या मधूनमधून आतोबांचं "कोपर, वकीलसाहेब, कोपर!" ऐकू यायचं. गंमत अशी की आतोबा स्वतः कधी काही फेकत नसत. लग्नात अक्षता पुढच्याच्या हातात देत. नारळीपौर्णिमेला शेवटच्या पायरीवर बसून, तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवावं तसा नारळ पाण्यावर ठेवत. कुणी विचारलंच तर म्हणत, "शिकवणाऱ्याने फेकायचं नसतं." आम्हांला ते पटायचं. मोठ्या माणसांची असली उत्तरं तेव्हा सगळ्यांनाच पटत.

अशा माणसाच्या शेजारी राहून मला फेकता येत नव्हतं, ही त्यांच्या आयुष्यातली मोठीच नाचक्की होती. आमच्या शाळेत मुलींचा राउंडर्सचा संघ होता. एका हाताने दांडक्याने चेंडू मारायचा, चार खुंटांना वळसा घालत पळायचं, आणि मैदानावरच्या मुलींनी चेंडू खुंटापाशी फेकून पळणारीला बाद करायचं, असा तो खेळ. पळण्यात मला कोणी हरवत नसे, म्हणून मी संघात. पण चेंडू हातात आला की माझं काहीतरी बिनसायचं. त्या थंडीत पोलादपूरच्या शाळेशी आमचा सामना झाला. शेवटी चेंडू माझ्याकडे आला, मी फेकला, तो माझ्याच पायापासून चार हातांवर पडला आणि त्यांची मुलगी हसत हसत शेवटच्या खुंटाला पोचली. आम्ही हरलो. खेळाच्या बाई म्हणाल्या, "पावसाळ्यानंतर पुन्हा निवड करू. तोवर फेकता आलं तर राहशील, नाहीतर नाही." मी घरी येऊन खूप रडले. त्या संघाशिवाय मला दुसरं काही नको होतं.

आतोबा गडग्यावरून म्हणाले, "रडू नको गो. माझ्या हातून कोणी कच्चं राहिलेलं नाही." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगणात रॉकेलचा रिकामा डबा निशाण म्हणून उभा राहिला. मी आडवी उभी राहिले, पाय टाकला, कोपर वर ठेवलं, सगळं त्यांनी सांगितल्याबरहुकूम केलं. चेंडू आत्याच्या पापडांत गेला, तुळशीत गेला, एकदा आडात गेला, डब्याला म्हणून शिवला नाही. आतोबांनी माझ्या कोपराखाली उशी बांधून पाहिली. पायाला खुणा म्हणून अंगणात चुन्याने पावलं काढली, ती बघून शेजारची काकू गौरी कधी यायच्या म्हणून विचारून गेली. होळी झाली, परीक्षा झाली, तरी माझं कोपर आपलं खालीच.

मे महिन्यात आत्याने अंगणात आंब्याच्या रसाची साठं वाळत घातली होती आणि राखणीला मी बसले होते. आतोबा पडवीत पेपर वाचत होते. एवढ्यात एक दांडगं वानर कौलांवरून उतरलं आणि सरळ साठांकडे निघालं. मी ओरडले, हाताला लागला तो दगड उचलला आणि भिरकावला. दगड वानराच्या कानाजवळून सूं करत गेला आणि पलीकडच्या डब्यावर असा आदळला की डबा उलटून गडग्याशी जाऊन पडला. वानर पळालं. मी आनंदाने वळून बघितलं तर आतोबा पेपर खाली ठेवून उभे होते आणि माझ्या हाताकडे बघत होते. दगड मी डाव्या हाताने मारला होता.

मग मला आठवलं आणि त्यांनाही आठवलं असावं. पाटीवर अक्षरं गिरवायला लागले तेव्हा मी खडू डाव्या हातात धरायची. आईला फार काळजी वाटली, म्हणून आतोबांनीच दुकानातून मांजरपाटाची पट्टी आणून माझा डावा हात फ्रॉकच्या पट्ट्याला बांधला होता, रोज, महिनोन्‌महिने. पुढे मी उजव्या हाताने जेवायला, लिहायला लागले, तेव्हा साऱ्या आळीला त्यांनी सांगितलं होतं, "पोर सुधारली. आपल्या हातची!" त्या दुपारी ते पायरीवर जाऊन बसले. पुढले दोन-तीन दिवस बाजारात कुणी "कोपर वर!" ऐकलं नाही. पोरं वेडीवाकडी फेकत आणि दुकानाकडे बघत उभी राहत. आत्या गडग्यापाशी येऊन आईला म्हणाली, "त्यांचाही हात बांधला होता लहानपणी. आमच्या मामंजींनी, सुतळीने. सासूबाई सांगायच्या. मी या घरात आले तेव्हापासून त्यांनी साधा खडासुद्धा फेकलेला मी बघितला नाही."

चौथ्या दिवशी आतोबा आमच्याकडे आले आणि उभ्याउभ्याच आईला म्हणाले, "वहिनी, हिला डाव्या हाताने फेकू द्या. चूक माझी आहे, ती मीच निस्तरतो."

"भलतंच काय, भावोजी!" आई म्हणाली. "मुलीची जात. उद्या बघायला आलेल्या माणसांना हिने डाव्या हाताने पोहे दिले तर?"

"पोहे उजव्याच हाताने देईल. पोहे फेकायचे नसतात."

आईला हसू आलं, पण ती बधली नाही. शाळा सुरू झाली, पाऊस लागला, बाईंची निवड जवळ येत चालली, आणि आई म्हणे, लोक काय म्हणतील. नारळीपौर्णिमेला आम्ही सगळे घाटावर गेलो. सावित्री तांबडीलाल, दुथडी भरलेली. आतोबा नेहमीसारखे शेवटच्या पायऱ्यांकडे गेले नाहीत. गर्दीच्या मधोमध येऊन त्यांनी आपला पुजलेला नारळ माझ्या डाव्या हातात ठेवला आणि म्हणाले, "टाक."

भटजींचे मंत्र थांबले. "अहो, डाव्या हाताने? देवाचं आहे ते!"

"भटजी," आतोबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज दुकानात असायचा तसाच खणखणीत होता, "हात तिला देवानेच दिलाय. मी मध्ये पडलो होतो, आता बाजूला होतोय. आणि सावित्रीला कोपर तेवढं कळतं. पोरी, आडवी उभी राहा."

मी आडवी उभी राहिले. कोपर आपोआप वर गेलं, कुणाला उचलावं लागलं नाही. नारळ सगळ्यांच्या नारळांच्या पलीकडे, पार धारेत जाऊन पडला. मागून एक कोळीण म्हणाली, "बाय गो, काय हात हाय!" आणि माझ्या आईने, जिला लोकांची एवढी भीती, पदराने डोळे पुसले आणि त्या कोळणीला सांगितलं, "माझी मुलगी."

संघात माझी निवड झाली हे सांगायला नकोच. थंडीत सामना पोलादपूरला झाला. शेवटच्या धावेला चेंडू पुन्हा माझ्याकडे आला आणि या वेळी तो हवेत सरळ रेघ ओढत खुंटापाशी गेला. आतोबा मैदानाच्या कडेला उभे होते. चेंडू पोचायच्या आतच त्यांनी मान हलवून बाद दिलं होतं.

परतीच्या गाडीतून महाडला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. ते मला नदीवरून घेऊन निघाले. पाणी आता निवळलं होतं, घाटावर चिटपाखरू नव्हतं. आतोबा बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. मग वाकले, एक चपटा खडा उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि डाव्या हाताने फेकला. खडा पायरीवरच पडला, टणकन उडाला आणि काठाच्या चिखलात रुतला. ज्या माणसाने साऱ्या महाडला फेकायला शिकवलं, त्याची ती पहिली फेक.

"आतोबा," मी म्हणाले, "कोपर."

"कळतंय गो," ते हळूच म्हणाले. "कळतंय, पण ते जात नाही वर. सवयच नाही त्याला."

मी दुसरा खडा शोधून त्यांच्या हातात दिला. त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, टाचा उंच केल्या आणि दोन्ही हातांनी त्यांचं कोपर उचलून खांद्याच्या वर धरलं.