एनेकोचा दगड
पात्शिका डोक्यावर सार्डिन मासळीची टोपली घेऊन डोंगर चढायची आणि वाटेत दिसेल त्याला शिव्या घालायची. तोंड असं फाटकं की पाद्रीबुवासुद्धा रस्ता बदलायचे. पण पोराला हाक मारताना हीच बाई विरघळायची. "एनेको!" आमच्या बास्क बोलीत म्हणजे 'माझा चिमुकला'. नाव फार जुनं, आमच्या पहिल्या राजांनीही लावलेलं. पण मला विचाराल तर ते निघालं असणार एखाद्या आईच्याच तोंडातून.

लढाईत शत्रूच्या विमानांनी बाजार जाळला तेव्हा सहा वर्षांचा एनेको तिथंच होता; त्यातच गेला. आमच्याकडे मयतापुढं क्रूस धरायचा मान घराला लागून असलेल्या पहिल्या शेजाऱ्याचा, सोयऱ्याधायऱ्यांचा नव्हे. तो शेजारी माझा नवरा, बालेन्दिन. पाथरवट होता, म्हणून थडग्यावर नावही त्यानंच कोरलं.

आम्ही लढाई हरलो आणि हुकूम सुटला: थडग्यांवरची बास्क नावं खरवडा, स्पॅनिश घाला. मेलेल्यांशीसुद्धा वैर, मुडदा बशिवला त्यांचा! शिपायांनी बालेन्दिनला बंदुकीच्या धाकानं दफनभूमीत नेलं. मागोमाग पात्शिका आणि मी धावलो.

"ह्या नावाचा अर्थ काय गं?" हवालदारानं तिला विचारलं.

"माझा."

"आता सरकारचा. इग्नासियो लिही रे."

बालेन्दिननं दगडाला छिन्नी लावली. पहिलं अक्षर उडालं मात्र, पात्शिकानं हवालदाराच्या मनगटाचा लचकाच तोडला. त्यानं बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर हाणला. दात मातीत सांडले. मी मधे पडले तर माझ्या पोटात लाथ बसली.

ती रक्त थुंकत उठली. "बालेन्दिन, घण दे इकडं. क्रूस धरलेल्या हातानं हे पाप नको करूस."

"आली बया ताळ्यावर," शिपाई हसले.

तिनं घण उचलला आणि दगडावरच घातला. घालतच राहिली. थडग्यावरचा क्रूस फुटला, नाव फुटलं, चिपा उडून शिपायांचे गाल फाटले. "लिहा आता! कुठं लिहिताय ते लिहा, भाड्यांनो!"

केसांना धरून त्यांनी तिला देवळाच्या भिंतीपर्यंत फरफटवलं. बालेन्दिनच्या आणि माझ्या छातीवर बंदुका रोखलेल्या. तिथल्या मारातून ती वाचली नाही. "इग्नासियो म्हण, सोडतो," म्हणत हवालदार मारत होता. दात गेल्यामुळं तिचा शब्द नीट उमटत नव्हता, पण आम्हाला कळत होता. ती पोराला हाक मारत होती.