तांदळाच्या दाण्याएवढी फट

अब्बास मुकादम कुवेतहून परत आले ते एका पिशवीत दोन जोडी कपडे आणि एक रंधा घेऊन. नव्वद साली तिकडे युद्ध पेटलं तेव्हा बाकीची माणसं टीव्ही आणि टेपरेकॉर्डर मागे राहिले म्हणून हळहळत होती, आणि यांनी रंधा उचलला. महाडजवळच्या सव गावी घरी पोचल्यावर बायकोने, नसीबाने, पिशवी उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. पण माणूस धडधाकट परत आला याचा तिला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी तिने त्या रंध्यालाही काही बोलायचं टाळलं.

अकरा वर्षं ते तिकडे सुतारकाम करत होते. थोरली मुलगी उमैमा बापाला पहिल्यांदा भेटली तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि तिने ‘हा कोण?’ असं आईला विचारलं होतं. ते दोन शब्द अब्बासच्या मनात सलत राहिले. तेव्हा आता परत जायचं नाही असं ठरवून त्यांनी महाडात दारं-खिडक्यांची कामं घेतली आणि त्र्याण्णवच्या जूनमध्ये त्यांना एक शाळा मिळाली. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाट चढायला लागतो त्या अंगाला असलेली ती माध्यमिक शाळा. विषय कार्यानुभव. नेमणूक तात्पुरती, जमलं तर पुढे.

कार्यानुभव हा विषय तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. मुलांनी खडू करायचे, मुलींनी रुमालावर टाके घालायचे आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी बाजारातून आणलेली फुलदाणी ‘स्वतः केली’ म्हणून ठेवायची. अब्बास सरांनी हे सगळं मोडून टाकलं. मुलं-मुली एकत्र बसवली आणि फळ्यावर लिहिलं : आधी वापरणाऱ्याला विचारा, मग चित्र काढा, मग माप घ्या, शेवटी करवत.

नववीच्या वर्गाने पहिलं काम घेतलं ते प्रयोगशाळेच्या कपाटाचं. शाळेतल्या परीक्षानळ्या, भिंगं, तराजूची वजनं गोणपाटात पडून असत आणि सदू शिपाई ती शोधता शोधता वैतागून जाई. मुलांनी सदूलाच विचारलं. त्याचा हात कुठवर पोचतो, जड काय, फुटणारं काय. त्यातून बारा ओढत्या खणांचं कपाट कागदावर उतरलं. फळ्या आंब्याच्या, कारण त्या गावातच मिळाल्या. वरच्या धनगरवाड्यावरून रोज डोंगर उतरून येणारी मीना ढेबे नावाची मुलगी रंधा असा चालवायची की मुलं आपलं काम सोडून बघत बसायची.

पुढच्या एप्रिलमध्ये कपाट झालं. प्रत्येक खण इतका नेमका बसलेला की कडेने कागद घालू म्हटलं तरी जाईना. सर त्या कपाटाभोवती घिरट्या घालत होते. मुख्याध्यापक उतेकर सर मात्र हिशेबी माणूस. ते म्हणाले, “मुकादम, पंधरा ऑगस्टला संस्थेचे अध्यक्ष येतील. त्यांना पसंत पडलं तर तास राहील. नाहीतर तो गणिताला देईन. दहावीचा निकाल तुम्ही बघताय ना?”

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं. पाऊस मी म्हणत होता. अध्यक्ष कौतुकाने कपाटापुढे उभे राहिले आणि त्यांनी वरचा खण ओढला. खण हलला नाही. दुसराही नाही. तिसऱ्याची मूठच त्यांच्या हातात आली. कुणीतरी मागून फिसकन हसलं आणि मग सगळी शाळा हसली. अब्बास सरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“एक तारखेपासून गणित,” उतेकर सर म्हणाले.

घरी तर आणखीच पेच. नसीबाचा भाऊ नौमान कुवेतलाच होता आणि त्याने मेव्हण्यासाठी नवीन व्हिसा तयार ठेवला होता. महिनाअखेर उत्तर हवं होतं. शाळा गेली तर विमान ठरलेलंच. नसीबाने माळ्यावरची बॅग काढून पुसली, पण भरली मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी, आता दहावीत गेलेल्या त्याच वर्गाला, सरळ सांगितलं, “चूक तुमची नाही, माझी. कुवेतला हवा कोरडी. तिथे लाकूड आकसतं, म्हणून घट्ट बसवायचं, ही हाताला सवय लागली. वापरणाऱ्याला विचारा म्हणून तुम्हाला शिकवलं आणि मीच पावसाला विचारायचं विसरलो.”

मग मीना उठली. “सर, आमचा आजा गोठ्याच्या दाराला फट ठेवतो. पावसाची. तेचं दार कधी अडकत नाय.”

रविवारी सर दोन तास डोंगर चढून वाड्यावर गेले. मीनाच्या आजाने, चांगूबाबाने, आधी दुधाचा पेला हातात दिला आणि मग गोठ्याचं दार दाखवलं. भर पावसात ते दार एका बोटाने फिरत होतं.

“मास्तर, लाकूड तोडलं म्हंजी मेलं नाय,” म्हातारा म्हणाला. “तेला तहान लागते. फळी लांबीला वाढत नाय, रुंदीला वाढते. उन्हाळ्यात आडव्या फळ्यांचं दार केलं का वरच्या अंगाला तांदळाचा दाना आडवा ठेवून बघायचा. सागाला एक, आंब्याला दोन.”

“आणि आता, पावसात?”

“आता तं मोजायचंच नाय. जेवढं फुगायचं तेवढं फुगलंय. आज सरकलं तं बारा म्हयने सरकंल.”

अब्बास सर म्हाताऱ्याच्या पाया पडायलाच वाकले. चांगूबाबाने त्यांना अर्ध्यात धरलं आणि आणखी दूध ओतलं.

उरलेले दहा-बारा दिवस पोरं जेवणाच्या सुट्टीतही कपाटाला चिकटून होती. मागची फळी काढून खण आतून बाहेर ढकलले. मीनाने एकेकाची वरची कड रंधली, पुन्हा बसवून पाहिली, पुन्हा रंधली. रंधा तोच, कुवेतहून आलेला. शेवटच्या दिवशी उतेकर सर छत्री झटकत आले. त्यांनी बाराच्या बारा खण ओढले, ढकलले आणि संशय फिटावा म्हणून पुन्हा ओढले. शेवटच्या खणात एका कागदावर दोन तांदूळ चिकटवलेले होते.

“हे काय?”

“उन्हाळी माप, सर,” मीना म्हणाली. “पुढच्या वर्गाला लागंल.”

उतेकर सरांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन दाण्यांची जाडी नखाने अजमावली. गणिताचेच शिक्षक ते. माप म्हटल्यावर माणूस विरघळला. “मुकादम,” जाता जाता ते म्हणाले, “प्रयोगशाळेला टेबलंही हवीत. मेमध्ये करणार असाल तर आत्ताच चित्र काढायला घ्या. गणिताचं मी बघतो काहीतरी.”

संध्याकाळी अब्बास सवला उतरले तेव्हा नसीबा दारातच उभी होती.

“थोडे तांदूळ बांधून दे,” ते म्हणाले.

“कशाला?”

“उद्या शाळेत न्यायचेत. पोरांना मापासाठी एकेक दाणा वाटायचाय.”

नसीबा आत गेली. थोडे मागितलेले तिने चांगले शेरभर बांधले. मग स्टुलावर चढून ती बॅग पुन्हा माळ्यावर टाकली, पार मागे, हात सहज पोचणार नाही अशी.