आधी बाई, मग माणसं

"आधी बाईला सोडा. ती धड खाली आली, की मग माणसं सोडा."

मॅनेजर सर हे माझ्यासमोर बोलले. कंपनीचा फॅमिली डे व्हता. चाकणच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीची माणसं, त्यांच्या बायका, लेकरं, सगळी निळ्या घसरगुंडीपाशी रांग लावून उभी. सर हसले म्हणून पाहुणे हसले. आन् मी बी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

बाई म्हंजे मी. महाळुंग्याच्या पुढं ते वॉटर पार्क हाय. तिथं तीन वर्षं मी घसरगुंड्या घासल्या. तिकिटाच्या खिडकीत, एसीत, गावातल्या बड्या घरच्या सुना. घासायला आमच्या बौद्धवस्तीतल्या, नाहीतर बाहेरून येऊन भाड्याच्या खोलीत राहिलेल्या बायका. ही वाटणी कुणी कागदावर लिहिली न्हाई. लिहायची गरजच काय, सगळ्यांना तोंडपाठ हाय.

सकाळी पाणी बंद असतं. वरून खाली बसत बसत यायचं, शेवाळ घासायचं, ॲसिड मारायचं, पाइपनं धुवायचं. घसरगुंडी एकसंध नसते. फायबरचे तुकडे एकाला एक जोडलेले असतात. जोडाची कड वर आली तर अंगाची सालपटं निघतात. म्हणून दर जोडावर हात फिरवून बघायचा. पण ॲसिडनं आमचे तळहात मेलेले, त्यांना कड कळतच न्हाई. मग आमी मनगटाची आतली बाजू फिरवतो. लेकराचं दूध गरम हाय का बघायला थेंब टाकतो ना, ती जागा. हे कुण्या साहेबानं शिकवलं न्हाई, आमचं आमीच शोधलं.

धुवून झालं, पाणी सोडलं, की गेट उघडायच्या आधी आमच्यातली एक वरून खाली सोडायची. तिला 'चेक बाई' म्हणायचे. खाली सुपरवायझर मोबाईल धरून उभा. ओली सलवार अंगाला चिकटलेली, नाकातोंडात पाणी, असा आमचा फोटो ग्रुपवर. पुरावा म्हणे, घसरगुंडी ठीक असल्याचा.

फॅमिली डेच्या सकाळी पाचव्या जोडावर माझं मनगट अडलं. कड नखभर वर आलेली. मी सुपरवायझरला सांगितलं. तो वर आला बी न्हाई. "तू कवापासून इंजिनियर झालीस गं?" म्हणाला. मग एकाला पाठवून त्यावर सिलिकॉनची नळी पिळून घेतली. ते वाळायला अख्खा दिवस लागतो, हे मला अडाणीला कळतं. त्यांनी दोन तासांत पाणी सोडलं. तोवर पाहुणे आत आलेले, आन् माझी चाचणी राहिलेली. म्हणून सरांचा तो हुकूम.

मी जिना चढायला लागले. पाचावर धारण बसलेली. उंचीची भीती मला पहिल्यापासून, पण ती रोजची, सवयीची. ही येगळी. चढताना मला रेहाना दिसत व्हती.

रेहाना माझ्या जोडीनं काम करायची. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ती चेक बाई व्हती. त्या दिवशी जोड मी तपासले व्हते. एका जागी मनगटाला खरखरलं. पण आदल्याच दिवशी एकीला 'लई बोलते' म्हणून काढून टाकलेलं. मी भ्याले. गप्प बसले. रेहाना खाली आली तवा तिचा कुर्ता कमरेपासून खांद्यापर्यंत फाटलेला आन् पाणी लाल. पुढं ऑफिसात कागद तयार व्हता: बाई बाथरूममधी पाय घसरून पडली. साक्षीदार म्हणून मी सही केली. अजून तिला वाकून बादली उचलता येत न्हाई.

वर पोचले. पाणी धो धो वाहत व्हतं. वेळ वाचावा म्हणून पाच-सहा पाहुणे माझ्या मागोमागच चढवलेले. पुढं एक पोरगी, आईचा हात धरून.

"मावशी, भीती वाटते का?"

"व्हय," मी म्हणाले. त्या पार्कात भीतीचं खरं मी पहिल्यांदाच बोलले.

आन् मी घसरगुंडीच्या तोंडावर आडवी बसले. दोन्ही पाय कठड्याला टेकवून. खालून शिट्ट्या वाजल्या. सर धापा टाकत वर आले. पाहुण्यांपुढं आवाज चढवता येईना, दात खाऊन हळूच म्हणाले, ऊठ, तमाशा करू नकोस, उद्यापासून येऊ नकोस. भीतीनं माझी सलवार ओली झाली व्हती. पाण्यानं न्हाई. का लपवू?

"सर, पाचवा जोड उचललाय. मी जाणार न्हाई, ह्या लेकरांना बी जाऊ देणार न्हाई. ठीक असंल तर आधी तुमी जा."

सरांनी घसरगुंडीकडं बघितलं. बसले न्हाईत. ते बसले न्हाईत हे सगळ्यांनी बघितलं. पोरीच्या आईनं पोरीला ओढलं आन् जिना उतरायला लागली. मला कुणी शाबासकी दिली न्हाई. एक जण तर दिवस वाया गेला म्हणून माझ्यावरच खेकसला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून घेतलं. नवा कागद. बाईला उंचीची भीती हाय, कामाला लायक न्हाई. सही कर म्हणाले. केली न्हाई. घर गाठलं. घसरगुंडी दोन दिवस बंद राहिली, मग चालू. आता परभणीकडची एक चेक बाई हाय म्हणे.

मग मी रेहानाच्या खोलीवर गेले. खरखर लागली व्हती, तरी बोलले न्हाई, असं तिला सांगितलं. वाटलं, ती रडंल, शिव्या घालंल. ती पोळ्या लाटत राहिली.

"मला ठाऊक हाय. मला कशाला सांगतेस? जसं खोटं लिहून दिलंस, तसं खरं लिहून दे."

सोमवारी आमी दोघी कामगार ऑफिसात जाणार. अर्ज लिहून झालाय. पहिलीच ओळ, मी खोटी सही केली. भाऊ म्हणतो, येडी का तू, केस तुझ्यावरच होईल. होईल बी. सुपरवायझर दोनदा दारावरून गाडी फिरवून गेला, तवापासून मी कडी लावून बसते. भीती गेली न्हाई, वाढलीच हाय. पण अर्जाखाली मी माझं नाव घातलंय, आडनावासकट. ते मी खोडणार न्हाई.