मायच्या अंगठ्याचं नख

"सर, चंद्र नाई तो. माह्या मायच्या अंगठ्याचं नख हाये ते," मी बोलले आणि अख्खा हॉल हसला.

वाशिमच्या एका कॉलेजात कार्यशाळा होती. ऑनलाइन ज्ञानकोशात कलेच्या इतिहासाची पानं कशी लिहायची, एक पान दुसऱ्याला कसं जोडायचं, हे शिकवायला बाहेरून मोठे सर आले होते. त्यांनी पडद्यावर भुलाबाईचं पान उघडलं. भादव्यापासून कोजागिरीपर्यंत आमच्या वऱ्हाडात पोरी जिच्यापुढे गाणी म्हणतात, ती मातीची भुलाबाई. फोटोत मूर्तीची पाठ होती. पाठीवर खाली एक बारीक अर्धगोल खूण, मध्ये तुटलेली. सर म्हणाले, भुलाबाई म्हणजे पार्वती, म्हणून हा शंकराचा अर्धचंद्र. मधली खाच म्हणजे ग्रहण.

पानावर 'अर्धचंद्र' हा शब्द निळा होता. सरांनी तो दाबला. शैव मूर्तींचं पान उघडलं. तिथून लेण्यांचं, तिथून संग्रहालयाचं, आणि शेवटी खुद्द सरांचं. कुठूनही निघा, गाडी सरांच्याच दारात थांबणार. फक्त 'कारागीर: अज्ञात' एवढं काळ्या अक्षरात होतं. ते दाबून काहीच उघडत नव्हतं.

अज्ञात. माझी माय. कामरगावात कुणालाही विचारा, घर दाखवतील.

आमच्या गल्लीत कुंभारांची तीन घरं आणि मूर्ती भाजायचा आवा एकच. कुणाची मूर्ती कोणती यावरून कटकट नको, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. एका घराची काडीची रेघ, एकाचे दोन ठिपके. माय ओल्या मातीत अंगठ्याचं नख दाबते. मी लहान असताना तिचा अंगठा पाट्याखाली चेचला होता. पुढे नख वाढलं ते मधून फाटलेलंच. एवढंच ते ग्रहण.

तो फोटो काढला तो दिवस मला आठवतो. मी सहावीत होते. हेच सर गाडीतून आले होते, केस तेव्हा काळे होते. पाठ नीट दिसावी म्हणून मायनं मूर्ती हातात धरली. सर म्हणाले, "बाई, हात काढा. फोटोत हात येतोय." मायनं मूर्ती ओट्यावर ठेवली आणि चोरी पकडल्यासारखे हात पदराखाली घेतले. नाव त्यांनी विचारलंच नाही. मी त्यांना चहा नेऊन दिला. मोठा माणूस आपल्या घरी आला याचा मला केवढा अभिमान वाटला होता. आज त्या अभिमानाचीच लाज वाटते.

हसणं थांबल्यावर सरांनी विचारलं, छापील संदर्भ आहे का. मी म्हटलं, संदर्भ कामरगावात माती मळत बसला आहे, चला, दाखवते. लोक पुन्हा हसले. सर मात्र अगदी मायेनं बोलले.

"जिवंत माणूस संदर्भ होत नसतो, बाळ. खाली बस."

पानाखाली संदर्भ म्हणून सरांचंच पुस्तक दिलेलं, ते छापील. पुस्तकात चंद्र. म्हणून चंद्र खरा आणि माझ्या मायचा अंगठा खोटा.

मी बसले नाही. सरावासाठी समोर संगणक दिला होता. उभ्यानंच ते पान उघडलं. चंद्राचा दुवा तोडला. 'अज्ञात' पुसून मायचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. मग पिशवी उचलून निघाले.

एसटीत बसल्यावर मोबाईलवर पाहिलं. चंद्र परत आला होता. मायचं नाव गायब. बाजूला शेरा: संदर्भ नाही.

घरी आल्यावर मायला सगळं सांगितलं. ती माती मळता मळता ऐकत होती. मग म्हणाली, "काहून भांडून राह्यली वं लोकाईशी? त्याईले चंद्र दिसते तं दिसू दे. यंदापासून मी नखच दाबत नाई."

आणि मातीचे हात तिनं पदराखाली घेतले. पुन्हा तसेच. सरांच्या बोलण्यानं आली नव्हती एवढी चीड मला त्या पदराची आली. मी तिचे हात ओढून बाहेर काढले.

"दाबशील. अन् पाठीवर नाई, समोर दाबशील."

"समोर डाग पडलेली भुलाबाई कोन घेईन वं?"

तरी माझ्या हट्टापायी मायनं एका मूर्तीच्या समोर नख दाबलं. बाजारात दोन बायांनी मूर्ती उचलली, खूण पाहिली आणि परत ठेवली. माय माझ्याकडे बघत होती.

आता मी फोटो काढते. हात, फाटलं नख आणि ओली माती, एकाच चौकटीत. तिन्ही घरांच्या खुणा लिहून घेते, बनवणाऱ्यांच्या नावांसकट. छापील पाहिजे ना, छापून आणीन. तोवर रोज ते पान उघडते आणि चंद्राचा दुवा तोडते. ते पुन्हा जोडतात. जोडू देत. मायचे हात त्यांनी एका वाक्यात फोटोबाहेर काढले. मला काढायला त्यांना रोज यावं लागेल.