बाबलचं गाऱ्हाणं

दीड महिन्यापूर्वी आचऱ्याहून फोन आला, "बाबल गेलो रे... हार्ट अटॅक." लाज वाटते सांगायला, पण रडू येण्याऐवजी मनात आलं, आता तरी लोक मला फोन करतील.

आम्ही एका वर्गातले. मी माकडांमधल्या विषाणूंवर डॉक्टरेट केली, तो आरोग्यसेवक झाला. घाटाखालच्या गावांत माकडताप आला आणि आम्ही पुन्हा एकत्र फिरू लागलो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात, चावतील त्याला ताप देतात. पण आमची माणसं मेलेल्या माकडाला मारुती मानून कुंकू लावणार, खांदा देणार. मी सभा घेतल्या, पडद्यावर चित्रं दाखवली. लोक चहा पिऊन घरी जात. एकदा बाबल म्हणाला, "माका सोप्पा करून सांग, वांदराचो ताप माणसाक कसो लागता?" मी सांगितलं, गोचीड विषाणू पोचवते; विषाणू स्वतःच्या नकला काढत राहतो, त्यात चुकतो, आणि एखादी चूक त्याला नव्या शरीरात जगवते. "म्हणजे रूप बदलून येता," तो म्हणाला. माझा अख्खा प्रबंध तीन शब्दांत संपला.

पुढच्याच आठवड्यात काजूच्या एका बागेत माकड मेलं. बाबल नारळ घेऊन दहा हात लांब उभा राहिला आणि त्याने गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हो रूप बदलून येणारो ताप आमच्या पोरांटोरांच्या वाटेक जावक नको. आमी लांबसून हात जोडतव, आंगाक हात लावणव नाय, तां गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव एका आवाजात म्हणाला. एक माणूस पुढे सरकला नाही. मी मात्र जळलो, अगदी आतून जळलो. अक्कल माझी आणि होकार त्याला! पुढे सगळे फोन त्यालाच जात. मी त्याला एकदाही 'छान केलंस' म्हटलं नाही...

गेल्या आठवड्यात त्याच बागेतून मला फोन आला, पुन्हा एक माकड मेलं होतं. मी पोचलो तेव्हा माणसं कुंकवाचा करंडा घेऊन माकडाकडे निघालीच होती. मी गोचिडींबद्दल बोलू लागलो. कोणी थांबेना. मग त्यांच्याच पूजेतला नारळ उचलला, आणि तोंडातून बाबलचेच शब्द आले, एकही न बदलता.

"व्हय म्हाराजा!" सगळे जागच्या जागी थांबले.

इतकी वर्षं मला हेच हवं होतं. बाजूची म्हातारी म्हणाली, "बाबलाचाच गाऱ्हाणा ता! बरा केलंस, झिला." मी पुन्हा जळलो... आणि मग, तो गेल्यापासून पहिल्यांदाच, रडलो.