अक्काच्या चुलीचं धुराडं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, संस्थेतल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धुळ्याच्या एका पर्यावरण संस्थेत मी नवीन लागले होते. गावोगाव जाऊन बिनधुराच्या चुली बांधायच्या, त्यांना सरपण कमी लागतं, डोळे आणि छाती वाचते, हे बायकांना पटवायचं — हे आमचं काम. शिरपूरजवळच्या एका गावात कुणीच तयार होईना. चालती चूल कोण मोडू देईल? एकटी अक्का तयार झाली. साठीची, मुलगा सुरतेला, घरात ती एकटीच. चार दिवस मी तिच्याकडेच राहिले. ती मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करून वाढायची. चिखल मळून माझे हात भेगाळले, तर समोर बसून त्यांना तेल चोळायची.

धुराडं तीन नळ्यांचं करायचं होतं. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, चांगलं वर निघालं नाही, तर वारा धूर परत आत ढकलतो — हे मला पाठ होतं. पण गाडीतून उतरवताना एक नळी माझ्याच हातून निसटली आणि फुटली. दुसरी मागवायची, तर पहिल्याच गावात नळी फोडली हे कळवावं लागणार. मी दोनच बसवल्या. अक्का खाली शिडी धरून उभी होती. एक कमी नाही का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, चालतं.

चाललं नाही.

महिन्याभरानं आमचे प्रमुख — सगळे त्यांना भाऊ म्हणत — पाहणीला आले. अक्काचं स्वयंपाकघर धुरानं कोंदलेलं, तिचे डोळे लाल, आणि दारात दहा-बारा बायका. नवी चूल कशी चालते ते बघायला आलेल्या. भाऊंनी मला विचारलं, असं कसं झालं?

एक वाक्य पुरलं असतं. नळी माझ्याकडून फुटली — एवढंच. भाऊ काय करणार होते? फार तर रागावले असते. पण मी म्हणाले —

“अक्का ओल्या पऱ्हाट्या लावतात. कितीदा सांगितलं, ऐकतच नाहीत.”

कपाशीच्या त्या पऱ्हाट्या परसात रचून ठेवलेल्या होत्या. कडकडीत वाळलेल्या. भाऊंनी मागे जाऊन पाहिलं असतं तर? नाही पाहिलं. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — घरातल्या पोरीच्या हातून दूध सांडलं की बघतात ना, तसं. मग भाऊंना म्हणाली, “मनीच चूक शे, भाऊ. पोरनी बरोबर सांगेल व्हतं.”

बायका हसल्या. म्हातारीला चूल पेटवता येत नाही, हे गावभर झालं. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईला! पुढे तिनं ती चूल मोडून पहिल्यासारखी घातली, असं कानावर आलं. त्या गावात आमची एकही चूल झाली नाही. एक नळी घेऊन जाणं काय अवघड होतं? नंतर कितीतरी नळ्या माझ्या हाताखालून गेल्या. मी गेले नाही. तिनं बाजाराला येणाऱ्या एका बाईबरोबर माझ्यासाठी ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे पाठवले — ते मात्र मी खाल्ले.

काही वर्षांनी, माझी जळगावला बदली झाल्यावर, कामासाठी तिकडे गेले असताना शिरपूरच्या एसटी स्टँडवर ती भेटली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, बरोबर नवी सून. आवाजावरून तिनं मला ओळखलं. माझे हात हातात घेतले, भेगा आहेत का ते चाचपून पाहिलं. बोलायला वेळ होता — त्यांची गाडी लागायची होती. मी तिच्या तब्येतीचं विचारलं, सुरतेच्या मुलाचं विचारलं.

अक्का सुनेला म्हणाली, “हाई आपली चूलवाली ताई. भलती हुश्यार शे. पाया पड.”

सून वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.