पास न चालणारी गुहा

बाबा रेल्वेत होते, फुकट प्रवासाचा पास मिळायचा, त्यामुळे आमच्या घरी जगाचे दोनच भाग होते: पास चालतो ते गाव आणि पास चालत नाही ते गाव. पुरी पाहून झाली, हरिद्वार झालं, नागपूरला दीक्षाभूमीवर तर दरवर्षी. रायपूरहून जगदलपूरला मात्र सरळ गाडी नाही, म्हणून तिथून जवळची कुटुमसरची गुहा राहिली. आईला नेमकी तीच पाहायची होती. शेजारच्या दीदी जाऊन आल्या, जमिनीखाली दगडाची झुंबरं लटकतात म्हणाल्या, तेव्हापासून तिनं धोशा लावला होता. बाबांचं उत्तर ठरलेलं, "पास असताना बसचं तिकीट काहून काढाचं?" इतका हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मागच्या हिवाळ्यात, रिटायर होऊन कैक वर्षं झाल्यावर, त्यांनी एकदाची बसची तिकिटं आणून आईसमोर ठेवली. तोवर तिचे गुडघे कामातून गेले होते. तरी तिनं गोल बाजारातून नवे बूट आणले आणि घरातल्या घरात घालून पाहिले.

गुहेच्या तोंडाशी गाइडनं तिची चाल पाहिली. "अम्मा, अंदर झुक के जाना पड़ता है. आप रहने दो." आई ऐकते कशाला! कठडा धरून दोनचार पायऱ्या उतरली, थांबली आणि परत वर आली. "जा तुम्ही. पाहून या न मले सांगा," म्हणाली आणि बाजूच्या दगडावर बसली.

मी बाबांबरोबर आत गेले. वाट अरुंद, पायाखाली चिखल. गाइडचा टॉर्च वर गेला आणि छतापासून लोंबणारे चुनखडीचे पांढरे खांब दिसले. बाबा आ वासून उभे. "भैया, फिर से दिखाओ," असं त्यांनी गाइडला कितीदा म्हटलं. पाण्यातले आंधळे मासे पाहायला तर चिखलात गुडघे टेकून बसले.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "कसं हाये जी आत?"

"काही नाही. अंधार न दगड. नाही आली तेच बरं झालं."

तिला वाईट वाटू नये म्हणून बाबा असं बोलले, हे मला कळलं, तरी रागच आला. आईनं त्यांच्या चिखलानं भरलेल्या पँटकडे पाहिलं.

परतीच्या बसमध्ये केशकालचा घाट उतरल्यावर ती म्हणाली, "आता खरं सांगा. काही नसतं तर तुम्ही दारातूनच परतले असते."

बाबांनी खिडकी लावून घेतली. मग सांगू लागले. झुंबरं खरंच आहेत. गाइड ज्याला शिवलिंग म्हणून राहिला होता, तो दगड त्यांना दीक्षाभूमीच्या स्तूपावाणी दिसला. थेंब पडतो त्याचा आवाजही त्यांनी तोंडानं काढून दाखवला. आई गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकत होती.

कांकेर गेल्यावर ती म्हणाली, "गुडघे चांगले होते तवाच आणाचं होतं तुम्ही मले."

बाबांनी या वेळी पासाचं नाव काढलं नाही. "हव," म्हणत मान हलवली.